शॉकरमधली हवा

सोमवारी सकाळी कंपनीची बस गाठायच्या घाईत टॉवेल घ्यायला बाल्कनीत गेले, आणि मला दिसलं की माझ्या धाकट्या भावाच्या, सनीच्या, सायकलच्या पुढच्या शॉकरवरची रबरी रिंग वर गेलेली आहे. एवढंच. ना भांडं पडलं, ना दिवे गेले. केसांच्या रबरबँडएवढी काळी रिंग, तिच्याकडे कोण बघतं? पण मी बघितलं, आणि हातात टॉवेल धरून तशीच उभी राहिले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही सनीनंच सांगितलं होतं, तेही तीनतीनदा, कारण मी ऐकत नसायचे. डोंगरात चालवायच्या सायकलला पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकलसारखा शॉकर असतो. त्यात स्प्रिंगऐवजी हवा असते. माणूस सीटवर बसला की नळी दबते आणि रिंग वर ढकलली जाते. माणूस उतरला की नळी जागेवर येते, रिंग मात्र वरच राहते. कोण बसलं ते ती सांगत नाही, किती वजनाचं बसलं तेवढं सांगते. सनी जाऊन वर्ष होत आलं होतं. रहाटणीच्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि आई दोघीच, आणि सायकलवर बसणारं कुणी नव्हतं. आईचा धक्का लागला असेल, असं म्हणून मी बोटानं रिंग खाली सरकवली आणि बसमागे पळत सुटले.

मंगळवारी रिंग पुन्हा वर. आणि नुसती वर नाही, बरोबर ठिपक्यावर. हा ठिपका सनीनं केलेला, पांढऱ्या मार्करनं, नळीवर, मोहरीएवढा. प्रत्येक माणसाच्या वजनाप्रमाणे शॉकरमध्ये हवा भरायची असते, आणि ती नीट भरली की नाही हे बघायला आपण सीटवर बसायचं आणि दुसऱ्यानं मागून सायकल धरून उभं राहायचं. "आई, धर गं जरा," असं ओरडत तो बूट-हेल्मेट घालून हॉलमध्येच सायकलवर चढायचा. आई हातातलं पीठ झटकत यायची आणि दोन्ही हातांनी सीटमागून धरायची. तो श्वाससुद्धा न घेता बसायचा, मग अलगद उतरायचा, वाकून बघायचा. रिंग ठिपक्यावर आली असली की म्हणायचा, "परफेक्ट. माझं वजन पाठ झालं हिला." ऐंशी किलोचा गडी. तापानं आठवड्याभरात गेला. डोंगरात पडला नाही, रस्त्यावर कंटेनरखाली आला नाही. डास चावला आणि गेला. लोकांना सांगतानासुद्धा लाज वाटायची, इतकं फालतू कारण.

आमच्या घरात भूत हा शब्द चालत नव्हता. बाबा, म्हणजे भीमराज, पिंपरीच्या कारखान्यात उभा जन्म मशीनवर गेलेला माणूस. लहानपणी अंधारात काही दिसलं म्हणून मी किंचाळले की ते हातात बॅटरी द्यायचे आणि म्हणायचे, जा, बघून ये, आणि काय होतं ते मला येऊन सांग. तिथं कधी गोणपाट असायचं, कधी नुसतंच काही नसायचं. "मेलेला माणूस मेला. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा शिवायची वाट बघणं नाही." बाबा गेले तेव्हाही आम्ही तसंच वागलो आणि सनीच्या वेळीही. विहारातून भन्ते आले, पुण्यानुमोदन झालं, लोक जेवले, संपलं. त्यामुळे मंगळवारी मी खाली सरकवलेली रिंग बुधवारी सकाळी पुन्हा ठिपक्यावर दिसली तेव्हा मी बाबांच्या बॅटरीसारखंच केलं. रिंग तळाला सरकवली आणि चढले सायकलवर. एका हातानं ग्रिल धरलं, पूर्ण वजन टाकलं, उतरले. रिंग ठिपक्याच्या चांगली दोन बोटं खाली. मी काही काडी नाही, तरी दोन बोटं खाली. आई म्हणजे तर नुसती हाडं. वर्षभरात तिचं जेवण चिमणीएवढं झालेलं. ती सीटवर चढली असती तरी रिंग जेमतेम हलली असती. मी रिंग पुन्हा तळाला सरकवली. खाली सोसायटीत गाड्या धुणाऱ्यांचा नेहमीचा आवाज चालू होता.

माझं काम किमती फोडायचं. चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी परचेसला आहे. सप्लायरनं भाव दिला की मी त्याची चिरफाड करते: माल किती, मशीन किती, मजुरी किती, वाहतूक किती आणि उगाच लावलेलं किती. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता सांगते, हे एवढं कमी करा. माझ्या माघारी मला 'अंजली कात्री' म्हणतात, मला माहीत आहे; म्हणू देत. जगातल्या कुठल्याही गोष्टीचे तुकडे करून ते कागदावर मांडता येतात आणि बेरीज जुळते, असं मला मनापासून वाटत आलेलं आहे. म्हणून त्या आठवड्यात मी कॉम्प्युटरसमोर बसून ब्रॅकेटचे भाव बघत होते आणि डोक्यात दुसरीच बेरीज चालू होती. आईचं वजन. हँडलला लटकवलेली ओली चादर. थंडी-उन्हानं फुगणारी हवा. काही केल्या ऐंशी होत नव्हते.

गुरुवारी गजराआधीच जाग आली. फटफटत होतं. बाल्कनीकडून आईचा आवाज येत होता, बाळाला झोपवतात तसा, अगदी हळू. "बस. सावकाश. धरलंय मी." मग शॉकर दबल्याचा आवाज, कुरकुर आणि फुस्स. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आई, "हं. आला बरोबर." मी उठले नाही. बाबांची मुलगी, बॅटरी घेऊन गोणपाट बघायला जाणारी, चादर डोक्यावरून ओढून पडून राहिले. घाबरले, सरळ सांगते. पण भीतीपेक्षा वाईट होता तो मत्सर. शरम वाटावी असा. कारण आईचा तो आवाज मी ओळखला. 'धरलंय मी.' कारखान्याच्या कॉलनीत राहत असताना सनी सायकल शिकला तो आईच्या हातांवर. सीट मागून धरून ती त्याच्यामागे पळायची, पदर खोचलेला, धापा टाकत, "धरलंय मी, धरलंय मी," आणि त्यानं मागं वळून बघू नये म्हणून हात सोडल्यावरही म्हणत राहायची. मला कुणी शिकवलं नाही. मी थोरली, मुलगी, मला सायकल कशाला? मी तासावर भाड्यानं आणून, कारखान्याच्या भिंतीला धरून धरून, गुडघे फोडून एकटीच शिकले. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "जखमेला हळद लाव." त्या वेळी काही वाटलं नव्हतं. आता पस्तिशीत, चादरीखाली, मला रडू आलं. जिवंत लेक दोन भिंतींपलीकडे पडलेली आणि ही बाई रोज पहाटे उठून नसलेल्या लेकाची सीट धरतेय. जेवत नाही, बोलत नाही, माझ्याकडे बघते तेसुद्धा खिडकीतून रस्त्याकडे बघावं तसं. तेव्हाच मी ठरवलं की ती सायकल घरातून गेली पाहिजे. सायकल गेली नाही तर आई जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गिऱ्हाईक तयारच होतं. आमच्या कंपनीच्या क्वालिटी खात्यातला जयदीप. शनिवार-रविवार घोराडेश्वरच्या डोंगरात सायकल घेऊन उंडारणारा. सनी असताना दोघं कधीकधी एकत्र जायचे. गेले कित्येक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन इकडचं तिकडचं बोलायचा आणि जाता जाता विचारायचा, "ती सायकल नुसतीच उभी असेल ना?" शुक्रवारी कँटीनमध्ये मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? घ्यायचीय का?" तो लाल झाला. मग म्हणाला, घेईन, किंमतही चांगली देईन, फक्त पुढच्या सस्पेन्शनची सर्व्हिस करून दे. "वर्षभर उभा असलेला शॉकर आतून सुकलेला असतो गं. थेरगावात डांगे चौकापाशी तौफिक आहे, त्याच्याकडेच दे. महाग आहे, पण हात चांगला." महाग म्हणजे किती, विचारलं. त्यानं सांगितलं आणि मी चमचा खाली ठेवला. तेवढ्या पैशांत माझ्या स्कूटरचे दोन्ही शॉकर नवे येतात.

आईला विक्रीचं सांगितलं नाही. सर्व्हिसला नेते, एवढंच म्हणाले. मला वाटलं कालवा करेल. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ने. कुरकुरतोय लई. त्याला आवाज खपत न्हाई." शनिवारी सुट्टी होती. सायकल लिफ्टमधून उतरवली आणि हातात धरून चालत निघाले. बसायचा धीर झाला नाही. काळेवाडीच्या गर्दीतून सायकल ढकलत जाणारी बाई बघून लोक वाट देत होते, तेही जरा जास्तच. माझ्या बाजूनं नाही, सायकलच्या पलीकडच्या बाजूनं. एक रिक्षावाला हॉर्न वाजवणार होता आणि थांबला. चढ लागला तेव्हा सायकल जड झाली. चाकं नीट फिरत होती, ब्रेक घासत नव्हता, मी वाकून बघितलं. पण हँडलवर मला जोर लावावा लागत होता. सनीला लहानपणी दमल्यावर सीटवर बसवून आणायचे तेव्हा लागायचा तसा. मी मान वळवून सीटकडे बघितलं नाही. पुढच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले, एकेक अक्षर: झेरॉक्स, चष्मे, साड्यांना फॉल.

तौफिक म्हणजे कुणी गरीब बिचारा मिस्त्री असेल असं वाटत असेल तर सोडून द्या. चांगला तिशीतला, दाढी कोरलेली, दुकानात एसी, भिंतीवर त्याचेच चिखलात उड्या मारतानाचे फोटो. आधी वडिलांबरोबर स्कूटरचे शॉकर करायचा, आता फक्त भारी सायकली. त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "फुल सर्व्हिस. अठ्ठेचाळीसशे." मी खुर्ची ओढून बसले. हे माझं रोजचं मैदान होतं.

"कशाचे अठ्ठेचाळीसशे? फोडून सांग."

"ताई, सील किट आहे, स्पंजच्या रिंगा आहेत, तेल आहे, माझी मेहनत आहे."

"तेल किती लागतं?"

"थोडंच लागतं, पण भारीतलं लागतं."

"चहाच्या कपाएवढं?"

"त्याच्यापेक्षा कमी."

"आणि सील म्हणजे रबर. अशा रबराच्या रिंगा मी हजारांनी घेते, भावा. काय भाव पडतो ते मला नको सांगू."

"मग तुमच्याच बसवू का?" तो हसला. "बसतील. दुसऱ्या दिवशी तेल गळेल. तुमच्या कंपनीत हजार बनतात, माझ्याकडे महिन्यात दहा फोर्क येतात, हे असे पुढचे शॉकर. तो फरक कोण देणार? पाणीपुरीवाला पण पाण्याचे पैसे लावतो ना ताई?"

मुद्दा बरोबर होता. त्याला मी तसं थोडंच सांगणार? मेहनतीच्या पैशांवर घासाघीस केली, इतके दुकानभाड्याचे, इतके एसीचे, इतके भिंतीवरच्या फोटोंचे, आणि तो बेचाळीसशेवर आला. वर मी सवयीप्रमाणे म्हटलं, "आणि नळ्या चकाचक पॉलिश करून द्यायच्या. फुकट." तो म्हणाला, "करतो. तुम्ही काय सोडणार नाय." मला बरं वाटलं. खरं सांगते, आठवड्यात पहिल्यांदा मला मी मीच असल्यासारखं वाटलं. मग मी आपली नेहमीची अट घातली. बाबांची शिकवण, आमच्याकडे गॅरेजला काहीही दिलं तरी समोर बसायचं आणि जुनं काढलेलं सगळं पिशवीत घालून परत न्यायचं, म्हणजे बदललं की नाही कळतं. "जुने सील, रिंगा, काढलेलं तेलसुद्धा. सगळं मला परत."

"आणि हवा?" तौफिक म्हणाला. "हवा पण पिशवीत भरून देऊ?"

मी हसले. दोघंही हसलो.

मग त्यानं अंगठा नळीवरून फिरवला आणि त्याचं हसू जरा उतरलं. "चालवतं कोण ही?"

"कुणी नाही. वर्षभर उभी आहे."

"उभी नाय, ताई. उभ्या फोर्कच्या नळीला धुळीची रेघ बसते. ही नळी रोज आतबाहेर होतेय." त्यानं वरचं टोपण उघडून छोटा पंप लावला, काट्याकडे बघितलं, पंप काढला, परत लावला. "हवा पण पुरी आहे. वर्षभरात निम्मी तरी उतरायला पाहिजे. कुणी भरता का घरी?"

"तुझा पंप खराब असेल."

"पंप नवा आहे," तो म्हणाला, पण वाद घातला नाही. खांदे उडवले. "जाड माणसाची हवा आहे. ऐंशी-बिंशी." आणि बारक्या पान्याच्या टोकानं त्यानं वॉल्व्हची मधली पिन दाबली.

तो आवाज मी विसरणार नाही. मला वाटलं होतं ट्यूबसारखा फुस्स होईल आणि संपेल. तो लांबत गेला. बारीक, एकसारखा, दात मिटून कुणी श्वास सोडावा तसा, आणि त्याबरोबर वास आला. तव्यावर भाजलेल्या सुकटीचा. लसूण, तिखट, सुकट. आमच्या घरातला रविवार. मला एकदम सगळं दिसलं: सनी हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसलेला, पंप मारतोय, दंडाच्या शिरा फुगलेल्या, आई सुकट परततेय, मी ठसक्यानं खोकत त्याच्यावर ओरडतेय की हे धंदे बाल्कनीत कर, आणि तो म्हणतोय, "थांब गं ताई, दोनच मारायचेत." तो रविवार तापाच्या आधीचा. ती हवा आमच्या हॉलमधली होती. त्यानं हातानं एकेक करून आत भरलेली. कात्री म्हणे! तेल धरलं, रबर धरलं, भाडं धरलं, एसीसुद्धा धरला. हवा धरलीच नव्हती मी. "थांब," मी म्हणाले, पण तोवर आवाज संपला होता. पुढचं हँडल हळूच खाली वाकलं, माणूस मान टाकतो तसं. तौफिक नाक ओढत होता. "बाजूला खानावळ आहे," तो म्हणाला. "तिथलं काहीतरी करपलं वाटतं." मग माझ्याकडे बघून त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि एसी कमी केला.

पुढचं मी नीट बघितलं नाही. समोर बसले होते, अट माझीच होती, पण डोळे पिशवीवर. त्यात काळपट तेलाची बाटली आली, चिरलेले सील आले, भिजलेले स्पंज आले. तौफिक काम करताना बोलत होता, डोंगरातले किस्से, मी हं हं करत होते. त्यानं शॉकर जोडला, नळ्या स्पिरिटच्या फडक्यानं घासल्या, पॉलिश केलं, फुकटातलं, मागून घेतलेलं. मग पंप उचलून विचारलं, "किती वजनाची भरू? तुम्ही चालवणार का? बसा, मी मागून धरतो."

"नको," मी जोरात म्हणाले. "आधी होती तेवढीच भर."

पैसे देताना मी अठ्ठेचाळीसशे दिले. तो म्हणाला, "बेचाळीसशे ठरले होते." मी म्हटलं, "ठेव." का ते मला सांगता येणार नाही. परत येताना सायकल हलकी होती. चढावर एका हातानं ढकलली तरी जात होती, रिक्षावाले बिनधास्त अंगावर घालत होते. ते मला सहन होईना. काळेवाडीच्या चौकात मी दोनदा थांबून मागं बघितलं, काही राहिलंय का म्हणून.

आई दारातच होती. सायकल आत घेतली तशी ती खाली बसली आणि नळीवरून बोट फिरवायला लागली. एकदा, दुसऱ्यांदा, मग दुसऱ्या नळीवरून. मला कळायला वेळ लागला.

"ठिपका कुठंय?" आई म्हणाली.

चकाचक नळी. आरशासारखी. माझंच तोंड दिसत होतं तिच्यात, लांबट.

"पुसला गेला, आई. पॉलिश करताना."

"कुणी सांगितलं व्हतं पॉलिश कराया?"

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती तिथं बसली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाली, "आता त्याला कळायचं कसं कुठवर बसायचं ते?"

मग माझा बांध फुटला. मी काय काय बोलले! की सनी नाही, की बाबा असते तर तुला काय म्हणाले असते, की रोज पहाटे तू तिथं जाऊन हँडलवर लोंबकळतेस आणि स्वतःला फसवतेस, की मी आहे ना इथं, मी जिवंत आहे, मला कधी धरलंस का तू? आणि सायकल विकली मी, उद्या सकाळी जयदीप टेम्पो घेऊन येतोय. सगळं एका दमात. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "लोंबकळत न्हाई मी. माझ्यात कुठं ताकद हाय? मी नुसती मागनं धरती." तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले, सीट धरल्यासारखे. "बसतो त्योच."

मी सायकल बाल्कनीत नेऊन उभी केली.

"विक," आई उठत म्हणाली. "घरात ठिवून तरी काय करायचं? फकस्त उद्या सकाळी एकदा बसू दे त्याला. नव्या हवेवर. मग ने म्हणावं." आणि तिनं ताटं घेतली. आम्ही जेवलो. ती माझ्यापेक्षा जास्त जेवली.

रविवारी मी चादर डोक्यावर घेतली नाही. आई उठली तशी उठले, तिच्यामागे बाल्कनीत गेले. उजाडत होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. मी वाकून रिंग खाली सरकवली, अगदी तळाला. आईनं पदर खोचला, मागून दोन्ही हातांनी सीट धरली, पाय रोवले. "बस," ती म्हणाली. "सावकाश. धरलंय मी." आम्ही वाट बघितली. शॉकर हलला नाही. रिंग जिथल्या तिथं. "बस की," आई म्हणाली. "नवी हाय हवा, पर तेवढीच हाय. ताईनं सांगून भरलीय." काही नाही. कुकर थांबला. आईचे हात थरथरायला लागले होते, कोपरापासून, पण ती सोडेना. मला दिसत होतं की ती हात सोडणार नाही. ऊन आलं, जयदीप आला, टेम्पो आला तरी ती अशीच उभी राहील. तिचं तोंड बघवेना. तो येणार नव्हता. ठिपका मी पुसला होता आणि हवा मी सोडली होती, अठ्ठेचाळीसशे रुपये मोजून.

मी पाय टाकला आणि सीटवर बसले. ग्रिल धरलं नाही. सायकल डगमगली, आणि मग मागून सावरली गेली. आईचे हात मला माझ्या कमरेखाली कळत होते, सीटच्या दोन्ही बाजूंना, हाडं हाडं, पण घट्ट. जन्मात पहिल्यांदा. पाय जमिनीवरून उचलून पेडलवर ठेवले आणि मी पडले नाही. शॉकर माझ्या वजनानं खाली गेला, कुरकुर नाही, आवाज नाही, लोण्यासारखा. काम चोख केलं होतं पोरानं. पैसे वाजवी घेतले, माझ्या मनात आलं, एक रुपयाही जास्त नाही. रिंग वर सरकताना मी बघत होते. माझी जागा मला माहीत होती. तिथं ती पोचली आणि थांबली.

मग शॉकर अजून खाली गेला. मी हलले नव्हते. सावकाश, कुणीतरी मागं जागा करून घेत बसावं तसा, आणि रिंग माझी जागा ओलांडून वर गेली, दोन बोटं, तीन बोटं, कुठवर ते सांगायला आता ठिपका नव्हता. त्यात माझं किती आणि दुसऱ्याचं किती, हे फोडून मांडता येण्यासारखं नव्हतं. सुकटीचा बारीक वास आला. घरात सुकट नव्हती.

आईचे हात थरथरायचे थांबले.

"हं," ती मागून म्हणाली. "आता नीट बसा दोघं. धरलंय मी."

आत माझा फोन वाजत होता, जयदीपचा असणार. मी मागं वळून बघितलं नाही. हँडल दोन्ही हातांनी धरलं.